गुडघ्यावर लेप, दुखणं जांघेत

दुखत होती जांघ आणि औषध चाललं होतं गुडघ्याला. माझ्या आजारपणाची पहिली कित्येक पानं या एका ओळीत संपतात.

आता मी चालते. थोडी लंगडते, पण चालते. ते बघून ओळखीच्या बायका विचारतात की कुणाचं औषध घेतलंस, वैद्य बरा की डॉक्टर बरा, शेक घ्यावा की चोळून घ्यावं. उत्तर ऐकायची घाई सगळ्यांनाच असते, कारण घरी कुणीतरी कण्हत असतं. मी औषधाचं नाव सांगत नाही. मी विचारते, "दुखतं कुठं, ते तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय का?" बायका माझ्याकडे अशा बघतात की हिचा पाय बरा झाला पण डोकं बिघडलं. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

सुरुवात

माझं माहेर धुळ्याचं. थोरला भाऊ, आमचा दादा, कचेरीत कारकून. मी मराठी सातवी झाले आणि शिरपूरकडच्या शेतकरी घरात पडले. घर चांगलं होतं. कापसाचं पीक, दावणीला बैल, सासरे आबा मितभाषी, सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणायचं. अक्कांचा आवाज ओट्यावरून विहिरीपर्यंत पोचे, पण काही शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी निघत नसत. बाईच्या अंगाचा गुडघ्यापासून गळ्यापर्यंतचा सगळा भाग त्या "पोट" या एका शब्दात उरकत.

बाळू झाला आणि महिन्याभरात माझ्या उजव्या जांघेत ठणका सुरू झाला. आधी वाटलं बाळंतपणाचा वारा असेल. मग पाय टेकवेना. मग रोज संध्याकाळी अंगात बारीक ताप भरू लागला. चुलीपुढं बसले की उठताना जोत्याला धरावं लागे, आणि मला उठताना कुणी बघत नाही ना, याकडे माझं पहिलं लक्ष असे. तान्हं लेकरू आणि लंगडी बाई, लोक काय म्हणतील, नवरा काय म्हणेल, पुढं कसं होणार, हे सगळं एकदम मनात यायचं. पायापेक्षा ही धास्ती जास्त खात होती.

शेवटी अक्कांनी मला कोठीच्या खोलीत नेऊन विचारलं, "कोठे दुखस वं?"

मी हळूच हात ठेवून दाखवलं. म्हणाले, "जांघेत."

अक्कांनी दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं, तरी पाहिलं.

नाना वैद्य

गावात नाना वैद्यांचा हात चांगला समजला जाई. ते ओट्यावर बसले. मी दाराआड बसून फक्त मनगट बाहेर काढलं. नानांनी बराच वेळ नाडी पाहिली आणि विचारलं, "दुखणं कुठं आहे?"

अक्का म्हणाल्या, "गुडघा. तिना गुडघा दुखस."

मी दाराआड ऐकत होते. मला वाटलं, आता बोलावं. पण ओट्यावर आबा होते, हे होते, शेजारचे भाऊ पान खात बसले होते. सून ओट्यावरच्या पुरुषांत बोलत नाही, आणि हा शब्द तर मुळीच नाही. मी गप्प राहिले.

नाना गेल्यावर अक्कांनी निर्गुडीचा पाला वाफवायला ठेवला आणि माझी समजूत घातली, "गुडघाले लावशूत. औषध वर चढी जाई."

हसू नका. मला ते पटलं होतं. मी सातवी शिकलेली, नकाशात तापी दाखवू शकणारी बाई, रोज गुडघ्याला लेप लावून तो वर चढायची वाट बघत पडून राहायची. नानांनी आंबट बंद केलं, वांगं बंद केलं, उडीद बंद केला. काढा इतका कडू की बाळू दूध पिताना तोंड वेडंवाकडं करतो, असं मला वाटायचं. नाना चार दिवसांआड येत आणि विचारत, "गुडघा कसा आहे?" अक्का सांगत, "बरा शे." ते खरंच होतं. गुडघा अगदी उत्तम होता.

डाग

लेपानं उतार पडेना, तेव्हा डाग द्यायचं ठरलं. आमच्याकडे कमरेला, खांद्याला, जनावराच्या वशिंडाला, जिथं दुखेल तिथं तापलेल्या लोखंडाचा डाग देतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात एक म्हातारा डाग द्यायचा, लांबून लोक त्याच्याकडे येत. बैलगाडीत माझ्याखाली गोधड्या टाकल्या होत्या, तरी प्रत्येक खड्ड्याला जांघेतून कळ निघे आणि मी दातांनी पदर धरून ठेवी.

सारा रस्ता मी एकच विचार करत होते. खरं सांगावं तर तो लोखंड जांघेवर टेकवणार. परक्या पुरुषापुढं लुगडं वर घ्यावं लागणार. त्यापेक्षा गुडघाच बरा. म्हणजे त्या दिवशी मला गप्प बसवणारं कुणी नव्हतं. मी भीतीनं स्वतःच गुडघा पुढं केला.

तो डाग अजून आहे. निरपराध गुडघ्यावरचा.

म्हाताऱ्यानं विचारलं, "उतार पडला का?" मी लगेच म्हणाले, "हो, हो, पडला." नाहीतर दुसरा डाग दिला असता. परत येताना आबा खूश होते. त्यांनी वाटेत बाळूसाठी लाकडी बैल घेतला. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, सुनेला गुण आला. मग मला चालून दाखवावं लागलं. मी चालले. भिंत धरून, तोंडावर हसू ठेवून चालले. आजाऱ्यानं घरच्यांना खूश करण्यासाठी बरं वाटून घ्यायचं, यासारखं थकवणारं काम दुसरं नाही.

डागाची जखम चिघळली. गुडघा खरोखरच सुजला. आता अक्कांच्या बोलण्यात खोटं काही राहिलं नाही.

पडले

एके सकाळी बाळूला कडेवर घेऊन मागच्या दारी जाताना पाय एकदम गेला. मी पडले, बाळू माझ्या अंगावर पडला. त्याला काही लागलं नाही, पण तो असा किंचाळला की हे शेतातून पळत आले. त्यांनी आधी पोराला उचललं. साहजिक होतं. पण मी मातीत पडल्या पडल्या ते बघितलं आणि माझ्या मनात आलं, हे घर माझ्यावाचून चालेल.

त्या दिवशी दुपारी माझी नणंद गंगूताई बाळूला आपल्याकडे घेऊन गेली. यांची एक चुलत आत्या येऊन बसली आणि "तरणा पोरगा शे, त्यानं काय करवं?" असं माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात बोलून गेली. हे ते ऐकून बैल सोडायला निघून गेले. मला त्या निघून जाण्याची भीती वाटली. त्यांना विचारायचा धीर झाला नाही.

दादाला निरोप गेला. तो दुसऱ्याच दिवशी आला आणि म्हणाला, "हिला मी धुळ्याच्या दवाखान्यात नेतो."

अक्कांनी कपाळाला हात लावला. "धुळाना दवाखानामा पाय कापतस म्हंतस लोक."

"अक्का, असाच ठेवला तर पाय काय, पोरगीही राहायची नाही," दादा म्हणाला.

आबांनी आधी अक्कांकडे पाहिलं. मग म्हणाले, "जाऊ द्या. तू भी जाय तिनासंगे." हे अक्कांना होतं. अक्का शिरपूरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या.

दवाखाना

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि चढ आला की थांबत. आग्रा रोडवर आमची मोटार थांबली की सगळे उतरत, मी तेवढी आत पडून असे. अक्का खाली उतरून खिडकीतून माझा हात धरून उभ्या राहत.

दवाखान्यातले मोठे डॉक्टर उंच, घाईत असलेले गृहस्थ. वाईट माणूस मुळीच नव्हे. पण त्यांच्यापुढं रांग लागलेली असे. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" आणि माझ्याकडे न बघता अक्कांकडे बघितलं. सगळेच तसं करत. पदर तोंडावर ओढून बसलेल्या सुनेला कोण विचारणार?

अक्का म्हणाल्या, "गुडघा."

गुडघा सुजलेला, चिघळलेला, वर डाग. डॉक्टरांनी तो दाबला. मी ओरडले, कारण जखम होती. अंगात ताप होता. ते म्हणाले, "आत पू झालेला दिसतो. उद्या भूल देऊन गुडघा उघडून बघू. त्यानंतर पायाचं काय ते ठरवू."

पायाचं काय ते ठरवू. हे शब्द ते सहज बोलून पुढच्या खाटेकडे गेले. मी दिवसभर छताच्या वाशांकडे बघत पडले. बोलायला हवं होतं, हे मला कळत होतं. सिस्टर येऊन ताप बघून गेल्या, मी बोलले नाही. दादा येऊन गेला, त्याच्यापुढं तर शक्यच नव्हतं. मनात एक दुष्ट विचारही आला, की कापू दे. निदान दुखायचं थांबेल. इतकं दमलेलं माणूस काय वाटेल ते कबूल करतं, हे आजाऱ्याच्या घरच्यांनी लक्षात ठेवावं.

सकाळी सिस्टरनं गुडघा धुऊन त्याला आयोडीन लावलं. पिवळाजर्द झाला. अक्का खाटेशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आते काय करतीन तिले?"

"गुडघा चिरतील, आजी."

स्ट्रेचर आलं. मला उचलून ठेवलं. दादा आणि त्याच पहाटे येऊन पोचलेले आबा दाराशी उभे होते. मोठे डॉक्टर हात धुवायला निघाले होते. आणि अक्का स्ट्रेचरपुढं आडव्या झाल्या.

"गुडघा नही! डाक्तरसाहेब, गुडघा नही! जांघ दुखस तिनी. जांघ!"

वॉर्डातल्या खाटांवरून माना वळल्या. अक्का थांबल्या नाहीत. "मी गुडघा सांगं ते खोटं व्हतं. मले लाज वाटनी. माणसंसमोर मन्हा तोंडमाईन शबद निंघना नही. तिले कापू नका हो."

आबा मान खाली घालून व्हरांड्यात निघून गेले. अक्कांनी मग पदर डोळ्यांपर्यंत ओढला, पण स्ट्रेचरचा दांडा सोडला नाही. मला रडू फुटलं. भीतीचं नव्हे. माझ्यासाठी या बाईनं आयुष्यभराची लाज मोडली, याचं.

डॉक्टर परत आले. आधी चिडल्यासारखे दिसले. मग स्टूल ओढून स्ट्रेचरशी बसले आणि पहिल्यांदा मला विचारलं, "खरं का हे?"

मी मान हलवली. बोलले तेव्हाही नाहीच.

निदान

पडदा लावून, सिस्टरला जवळ ठेवून त्यांनी पाय खुब्यातून हलवून पाहिला. हलतच नव्हता. खुब्याचा सांधा आतून किडत होता. हाडाचा क्षय असावा, असं ते म्हणाले. क्षय हा शब्द ऐकून दादा खाली बसला. मला मात्र त्या क्षणी विचित्र हलकं वाटलं. दुखत होतं तिथंच एकदाचं कुणीतरी हात ठेवला होता. भीती नंतर आली, आणि आली ती जायला तयार होईना. बाळू माझं दूध प्यायलाय, त्याला झालं असेल का? डॉक्टरांना मी हे रोज विचारी. ते रोज, न कंटाळता, "पोर चांगलं आहे ना? मग झालं तर," असं सांगत.

गुडघ्याची जखम वाळल्यावर छातीखालपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं. पाय वाचेल का, याचं उत्तर कुणी देईना. "बघू," एवढंच.

पडून राहण्याचे दिवस

सकाळी झाडू, मग भांडं, मग ताप, मग दूध, मग डॉक्टरांची फेरी. शेजारच्या खाटेवरची बाई बदले, मी तीच. प्लास्टरच्या आत खाज सुटे तेव्हा वेड लागायची पाळी येई. अक्कांनी बांबूची एक कामटी घासून गुळगुळीत केली आणि ती आत सारून खाजवून देत. दागिन्यांनी सुख झालं नसेल एवढं त्या कामटीनं झालं.

अक्का दवाखान्याच्या आवारात इतर रोग्यांच्या माणसांबरोबर राहिल्या. तीन दगडांची चूल मांडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करत आणि ठेच्याबरोबर मला भरवत. आम्ही त्या गोष्टीबद्दल कधी बोललो नाही. एकदाच, भाकरी मोडता मोडता त्या म्हणाल्या, "मन्ही माय असंच दुखणं लिसन मरनी. बठ्ठास्ले पोट सांगे ती." सगळ्यांना पोटच सांगत ती माय गेली होती. अक्कांनी पुढचा घास माझ्या तोंडात घातला.

सिस्टर रोज पाटी घेऊन येत आणि विचारत, "आज कसं?" पहिले काही दिवस मी "बरं" म्हणे. एकदा त्या पाटी बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुम्ही मला बरं सांगता, रात्रपाळीच्या बाई म्हणतात की तुम्ही कण्हता. मी औषध कोणत्या बाईला देऊ?" त्या दिवसापासून मी शिकू लागले. ठणका आहे की टोचतं आहे, कालच्यापेक्षा जास्त की कमी, भीती आहे की दुखणं आहे. या दोन्हींत फरक करायला मला फार दिवस लागले. छाती धडधडू लागली की सिस्टर म्हणत, हे पायाचं नाही, हे बाळूचं आहे. आणि मग मी बाळूबद्दल बोले, आणि धडधड थोडी कमी होई. पुरती कधीच गेली नाही.

नाना वैद्य धुळ्याला कामाला आले होते, ते भेटून गेले. झाला प्रकार ऐकून त्यांना राग आला. "म्हणजे गावभर माझ्या लेपाला नावं ठेवली ती फुकट!" म्हणाले. मग जाताना उशाशी दोन डाळिंबं ठेवून गेले.

हे बाजारच्या दिवशी येत. खाटेच्या कडेला अवघडून बसत. मी एकदा धीर करून विचारलं, "आत्याबाई म्हणत होत्या ते तुमच्या मनात आहे का?" ते हातातली टोपी फिरवत म्हणाले, "तू घर कव्हय येशी, ते सांग." घरी कधी येशील, एवढ्या विचारण्यावर मी कितीतरी दिवस काढले.

गंगूताई एकदा बाळूला घेऊन आली. तो चालायला लागला होता. "ती तुनी माय शे, जाय," ती म्हणाली. तो तिच्याच लुगड्याआड लपला आणि तिलाच माय म्हणाला.

घरी जायचा दिवस

प्लास्टर काढलं तेव्हा आतून एक पांढरा, वाळका पाय निघाला. तो माझा वाटेना. आधी कुबड्यांवर, मग सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवून मी उभी राहू लागले. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक असेल तर शनिवारी घरी.

शनिवारी दादानं टांगा आणला. हे बाळूला घेऊन आले होते, त्याला नवं आंगडं घातलं होतं. अक्कांनी पहाटेच भांडी घासून गाठोडं बांधलं होतं. मला उठवून बसवताना त्यांनी कानाशी येऊन विचारलं, "आते दुखस का?"

"थोडं," मी म्हणाले. "तिथंच."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. बाळू कुबडीच्या रबरी टोकाशी खेळत होता. आज त्यानं माझ्या अंगठ्याला हात लावला होता. टांगेवाला बाहेर घोड्याला चुचकारत होता. थोडंसंच तर होतं. घरी गेल्यावर शेक घेतला असता. मी मनातल्या मनात ओट्यावर जाऊन बसलेसुद्धा होते.

डॉक्टर आले. मला उभं केलं, आणि सवयीनं अक्कांना विचारलं, "काय आजी, दुखतं का सुनेला?"

अक्कांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाल्या, "मले काय पुसतस? पाय तिना शे. तिले पुसा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. हे, दादा, टांग्यात सामान लावायला आलेला माणूस. माझे कान तापले.

"दुखतं," मी म्हणाले. "जांघेत. भार दिला की."

डॉक्टरांनी पाय हलवून पाहिला. त्यांचा चेहरा बदलला. "बरं झालं सांगितलंत. अशाच चालत राहिला असतात तर सांधा पुरता गेला असता. पुन्हा प्लास्टर."

"आजून किती दिन?" यांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

हे बाळूला उचलून घेऊन टांग्याकडे वळले, मग परत आले आणि त्याला माझ्या खाटेवर बसवून स्वतः खाली बसले. दादा टांगेवाल्याला परत पाठवायला गेला. मला कुणाकडे बघवेना.

अक्का गाठोड्याजवळ गेल्या. गाठ घट्ट बसली होती, ती त्यांनी दातांनी सोडवली. तवा बाहेर काढला, पिठाचा डबा काढला.

"मंग ऱ्हाऊत आपन," त्या म्हणाल्या, आणि तवा घेऊन चुलीकडे निघाल्या.